मोटारीचा सांगाडा बदलतांना जोडीनें करावयाचीं कामें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां पिकअप मोटार उभी असते आणि तिच्यावरच कांदा, भाजी, दूध व खताच्या गोण्या यांची ने-आण चालते. या मोटारीचें सर्व ओझें खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे मिस्त्री लोक ज्यास चेसी म्हणतात त्यावर, असतें. इंजिन, केबिन, हौदा, पाटे, डिझेलची टांकी हें सर्व त्यासच बोल्टांनीं बांधलेलें असतें. तो गंजून सडला म्हणजे वरची मोटार कितीहि धड असली तरी ती रस्त्यावर आणणें धोक्याचें. मग सांगाडा बदलण्याचा विचार होतो, व तो होतांच दुसरा प्रश्न उभा राहतो, कीं मोटार एवढी उघडलीच आहे तर आणखी काय काय करून घ्यावें? त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

या कामाचा मोठा अनुभव अमेरिकेंतील लोकांस आला. तेथील उत्तरेकडील संस्थानांत हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें खारें पाणी सांगाड्याच्या पोकळींत शिरून लोखंड आंतून खातें. टोयोटा कंपनीच्या टाकोमा नांवाच्या पिकअपचे सांगाडे इतके सडले, कीं २००८ सालीं कंपनीस १९९५ ते २००० पर्यंतच्या गाड्यांकरितां गंजाविषयीं पंधरा वर्षांची विशेष हमी द्यावी लागली. पुढें २०१६ सालीं न्यायालयांत तडजोड होऊन, २००५ ते २०१० पर्यंतच्या टाकोमा व त्याच कंपनीच्या आणखी कांहीं मोटारी मिळून सुमारें पंधरा लक्ष गाड्यांची तपासणी करून जरूर तेथें सांगाडा विनामूल्य बदलून देण्याचें ठरलें. आपल्याकडे बर्फ नाहीं. परंतु कोंकणची खारी हवा आहे, मासळीच्या पेट्यांतून गळणारें पाणी आहे, आणि हौद्यांत सांडलेलें खतहि आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश हें क्लोराइड जातीचें खत ओल लागतांच मिठाप्रमाणेंच लोखंड खातें. फरक इतकाच, कीं येथें बिल बहुधा मालकासच भरावें लागतें. म्हणून विचार अधिक हवा.

महसूल खात्यांत तीस वर्षें लेखणी चालविल्यामुळें आम्हांस प्रत्येक खर्च दोन रकान्यांत मांडण्याची संवय आहे. येथेंहि एका रकान्यांत सुट्या भागाची किंमत व दुसऱ्यांत मजुरी मांडावी. ज्या कामाची मजुरी मुख्यतः उघडण्या-बसविण्याचीच आहे, तें काम याच वेळीं करावें. कारण ती मजुरी एकदां दिलेलीच असते.

या कसोटीस सर्वांत आधीं उतरतात ते ब्रेकचे लोखंडी पाइप. ते सांगाड्याच्या कडेनें मागच्या चाकांपर्यंत गेलेले असतात. ज्या खाऱ्या पाण्यानें सांगाडा सडला त्यानेंच तेहि पोखरलेले असतात, आणि जुने पाइप सोडवितांना त्यांचे नट पुष्कळदां पाइपासकट पिळवटून तुटतात. जुना पाइप नव्या सांगाड्यावर चढविणें हा शुद्ध अविचार होय. उतारावर भरलेल्या गाडीचा ब्रेक गेला तर वांचविलेल्या पैशांचा हिशेब कोण करणार? तांबें-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मिळाल्यास तेच घ्यावेत, ते गंजत नाहींत. रबरी नळ्याहि बदलाव्या, नवें तेल भरावें व पाइपांतील हवा पूर्ण काढून घ्यावी. डिझेलचे पाइप व टांकीचे पट्टे यांसहि हाच न्याय.

नंतर पाटे. तडकलेला वा बसलेला पाटा, झिजलेले बुश व शॅकलच्या पिना आतांच बदलाव्या. यू-बोल्ट मात्र नवेच घालावे. एकदां ताणलेला बोल्ट पुन्हां तशी पकड देत नाहीं. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आंवळावयाचे ते मोटार चाकांवर उभी राहून तिचें वजन पाट्यांवर पडल्यानंतर. अधांतरीं आंवळल्यास रबर कायमचें पिळलेलें राहून लौकरच फाटतें. घाईचे मिस्त्री हें ऐकत नाहींत. मालकानें समक्ष उभें राहावें.

केबिनखालचीं रबरें, इंजिनचें फाउंडेशन, हातब्रेकची तार हीं स्वस्त कामें न विचारतां करावीं. इंजिन व गिअरबॉक्स उतरलेले असतां क्लचप्लेट पाहावी. अर्धी झिजली असेल तर बदलावी. अर्थच्या वायरी जोडण्याची जागा घांसून स्वच्छ करावी, नाहींतर नव्या सांगाड्यावर दिवे मंद लागतात व स्टार्टर रडतो, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

टायर, दिवे, इंजिनच्या पुढील बाजूचा पट्टा, हौद्याचा रंग हीं कामें मात्र पुढें ढकलावीं. तीं केव्हांहि तितक्याच मजुरींत होतात. "होऊनच जाऊं द्या" या शब्दानें बिल दुप्पट झालेलें आम्हीं पाहिलें आहे.

सांगाडा बसण्यापूर्वींच त्याच्या पोकळींत मेणयुक्त गंजरोधक फवारून घ्यावें, कारण पुढें तेथें हात पोंचत नाहीं. फवारतांना पाणी निघून जाण्याचीं भोंकें बुजूं देऊं नयेत. सर्व जोडून झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट तपासावें.

आतां कागदपत्रांविषयीं. चेसीचा नंबर सांगाड्यावरच कोरलेला असतो व तोच नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी, विमा कंपनीस कळवावें, नव्या सांगाड्याची पक्की पावती जपून ठेवावी, आणि नवा नंबर नोंदणीपत्रावर चढेपर्यंत जुना सांगाडा भंगारवाल्याच्या हवालीं करूं नये.