ओट्यावरचं शास्त्र (लेखांक ९) : बाळंतिणीची ज्वारीची कुकी

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की घरात आधी खारीक-खोबऱ्याची बेगमी होते. मग डिंक, अळीव, मेथी, सुंठ, खसखस, गोडंबी. सव्वा महिना पुरेल एवढे लाडू वळून डबे भरतात. आता त्या डब्यांच्या शेजारी पुण्याहून नणंदेनं पाठवलेलं पाकीटही येऊन बसतं. त्यावर दोन दावे असतात: या कुकीजनी आईचं दूध वाढतं आणि त्यांत ग्लुटेन नाही. एका पाकिटात दोन्ही बसले असले तरी हे दावे वेगवेगळे आहेत, म्हणून वेगवेगळेच तपासू.

आधी दुधाचं बघू. परदेशात अशा कुकीजमध्ये ओट्स, जवस आणि बिअर बनवताना उरणारं यीस्ट घालतात. यांपैकी जवस आपल्याला नवं नाही, मराठवाड्यात त्याची चटणी भाकरीबरोबर रोज खाल्ली जाते. अमेरिकेत दोन महिन्यांच्या बाळांच्या आयांवर एक चाचणी झाली. एका गटानं महिनाभर रोज दूध वाढवणाऱ्या कुकीज खाल्ल्या, दुसऱ्या गटानं साध्या. दूध मोजलं तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. दूध किती तयार व्हायचं हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध वेगानं तयार होतं, भरलेला राहिला की वेग मंदावतो. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवून चालत नाही. ‘दूध पुरत नाही’ असं वाटलं तर पहिली तपासणी बाळाच्या तोंडाच्या पकडीची करावी. डब्याचा विचार नंतर.

मग लाडू आणि कुकीज फुकटच का? मुळीच नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. ६०० कॅलरी म्हणजे जवळपास आणखी एक जेवण. हे जेवण ती कधी जेवणार? एक हात बाळाखाली, घड्याळात रात्रीचे दोन, घर झोपलेलं. अशा वेळी ताट वाढून घेणं होत नाही, डब्यातला लाडू उचलून तोंडात टाकणं होतं. जुन्या बायकांनी सुकी, टिकाऊ, तुपातली आणि एका हातानं खाता येणारी गोष्ट करून ठेवली, यात त्यांचं शहाणपण होतं. कुकी त्याच जागी बसते. लाडू नको झालेल्या मुलीनं बिस्कीट खाल्लं म्हणून काही बिघडत नाही.

आता ग्लुटेन. गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांच्या एका गटाचं हे नाव. सीलिअॅक हा आजार असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती या प्रथिनावर उलटते, लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा वॉर्डातली ही आजारी मुलं सुधारताना दिसली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. डिके यांचा प्रबंध १९५० सालचा. यावर आजही औषधाची गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, हाच उपचार.

आजार नसलेल्या आईनं मात्र केवळ पाजते म्हणून गहू सोडायचं कारण नाही. तिनं खाल्लेल्या ग्लुटेनचे बारीक अंश दुधात उतरतात हे खरं, पण त्यानं निरोगी बाळाला अपाय होतो असं दिसलेलं नाही. उलट, ‘हे वर्ज्य, ते वर्ज्य’ करत बाळंतिणीचं ताट आधीच आक्रसतं. डाळ वातूळ, केळं थंड, आता त्यात पोळीही नको म्हटलं तर तिनं खायचं काय? शंका असेल त्यांनी मात्र तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, घरात कुणाला हा आजार आहे, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना सीलिअॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारावं. ती होईपर्यंत गहू चालू ठेवायचा. आधीच बंद केला तर तपासणीत आजार लपून जातो.

आणि ज्या आईला खरोखरच गहू चालत नाही, तिनं मराठवाड्यात जन्म घेतला हे एका परीनं बरंच झालं. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, तांदूळ, यांत ग्लुटेन नाही. काळ्या रानातल्या रब्बीच्या ज्वारीवर हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या जगला. गव्हाची पोळी सणाची, भाकरी रोजची. आज खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा पसरलाय, ज्वारी विकत आणणारी शेतकऱ्यांची घरं वाढली आहेत. धाराशिव जिल्ह्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं बायकांसोबत एक एकर शेतीचं काम उभं केलं: घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या निर्णयाचा, आणि त्यात घराला खायला लागणारी पिकं. इथल्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून घडलेल्या, प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बाळंतिणीच्या डब्यात काय येणार हे शेवटी रानात काय पेरलं यावरही ठरतं, म्हणून हे इथे सांगितलं.

भट्टीकडे वळू. पाव ग्लुटेनशिवाय करणं महाकठीण, कारण पीठ फुगवणारी हवा ग्लुटेनच्या जाळीतच अडकून राहते. बिस्किटाचं काम उलट. मैद्याचं बिस्कीट करतानाही ही जाळी होऊ नये म्हणूनच बेकरीवाला खटपट करतो: पिठाला आधी तूप चोळतो, पाणी कमी घालतो, मळत तर नाहीच. म्हणून ज्वारी बिस्किटात शोभते. अडचण एकच, ते फार भुसभुशीत होतं आणि उचलताना मोडतं. त्यावरचा उपाय भाकरी करणाऱ्या बाईला माहीत आहे. आधणाच्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं. जुन्या पिठाची विरी गेली की ते थापताना चिरतं, तसंच इथेही होतं, तेव्हा पीठ ताजंच घ्यावं.

दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ मंद आचेवर खमंग भाजा, म्हणजे कच्चट चव जाईल. गार झालं की पन्नास ग्रॅम नाचणीचं पीठ मिसळा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पाजणाऱ्या आईला त्याची गरज मोठी. दोन चमचे भाजलेल्या जवसाची पूड चार चमचे उकळत्या पाण्यात कालवून ठेवा, दहा मिनिटांत ती बुळबुळीत होईल. हाच आपला चिकटा. शंभर ग्रॅम तूप आणि ऐंशी ग्रॅम बारीक चिरलेला गूळ हलका होईपर्यंत फेसा, त्यात जवस, चिमूट मीठ, सुंठ, वेलदोडा, मूठभर खारीक पूड आणि भाजलेले तीळ घाला, मग पिठं. गोळा अर्धा तास झाकून ठेवायला कंटाळू नका. ज्वारीचा कण पाणी सावकाश पितो, घाई केली तर बिस्कीट दाताखाली कचकचतं.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, वर तिवई, घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मग ताटली ठेवायची आणि आच मंद. वेळ थोडा जास्त लागतो. बाहेर काढताना बिस्किटं मऊच लागतील, ती कच्ची नसतात. तूप आणि गूळ गार होताना त्यांना ताठ करतात, तोवर हात लावू नये.

सीलिअॅक असलेल्या आईसाठी एवढ्यानं भागत नाही. तिचा खरा शत्रू गिरणीत बसलेला असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ दगडांत आणि पन्हळीत राहतं, ते आपल्या ज्वारीत उतरतं. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायची कायदेशीर मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे दहा किलो पिठात दोनशे मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. तेव्हा ज्वारी स्वच्छ निवडून घरच्या वेगळ्या चक्कीवर किंवा जात्यावर दळावी. गावच्या बेकरीत रवा-साखर देऊन बिस्किटं भाजून आणायची पद्धत छान आहे, पण तिथले पत्रे आणि हवासुद्धा मैद्यानं भरलेली. घरातही दोन जागा तपासा: डिंकाच्या लाडवात अनेकजणी कणीक घालतात, आणि डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

ही कुकी चहात बुडवायला जाऊ नका. धरून ठेवणारं ग्लुटेन नसल्यानं ती कपाच्या तळाशी जाऊन बसते, मग चमच्यानं उपसावी लागते. शिवाय जेवणातलं आणि गोळीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. चहा तासाभरानं घ्या, कुकीबरोबर कोमट दूध बरं.