तळ्याची हद्द कुठे संपते?

१७९८ साली सरफोजीराजे (दुसरे) तंजावूरच्या गादीवर बसले. त्याच वर्षी डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस याच्या कीटकसूचीची पुरवणी युरोपात छापून निघाली. कोरोमंडल किनाऱ्याचे नाव मिरवणारी एक पिवळी टाचणी, म्हणजे चतुराची नाजूक बहीण, तिच्यामुळे विज्ञानाला ठाऊक झाली. तिच्या जोडीला ‘पँटाला फ्लेव्हेसेन्स’ हा भटका चतुरही होता. फाब्रिसियसला भारतातले कीटक पुरवणाऱ्यांत याच किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीचा डाल्डॉर्फ होता. तंजावूरच्या नायकांनी १६२० साली डॅनिशांना ही जागा दिली होती. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हेही १७५० मध्ये भारतात आल्यावर सुरुवातीला तिथेच राहिले.

चतुर आणि टाचण्यांचे शास्त्रीय बारसे होण्यात तंजावूरच्या प्रदेशाचा असा वाटा आहे. पण हे कीटक टिकवायचे, तर राखायचे नेमके काय?

तंजावूरच्या राजवाड्याच्या पाण्याची जुनी व्यवस्था या प्रश्नाचे उत्तर देते. शहराच्या पश्चिमेला सेवप्प नायकाच्या नावाचा तलाव आहे. तिथे साठलेले पावसाचे पाणी बृहदीश्वर मंदिरालगतच्या शिवगंगा तळ्यात यायचे आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी किल्ल्यातल्या अय्यनकुळमसारख्या तळ्यांत पोहोचायचे. पुढे नळाचे पाणी घरोघर आले आणि या वाटांकडे दुर्लक्ष झाले. काही बुजल्या, काहींवर घरे उभी राहिली, काहींत सांडपाणी शिरले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून अय्यनकुळमचा गाळ काढला गेला आणि त्याची जुनी वाटही मोकळी करण्यात आली.

मात्र तळ्यात पाणी आले म्हणजे कीटक आपोआप परतत नाहीत. चतुराचे बहुतेक बालपण पाण्याखाली जाते. घडी घातलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून त्याची पिल्ले डासांच्या अळ्या टिपतात. मोठे झाल्यावर ती लव्हाळ्याच्या किंवा गवताच्या काडीवर चढतात, कात टाकतात आणि उडून जातात. टाचण्या तर अंडीच पाणवनस्पतींच्या देठांत घालतात. चारी बाजूंनी उभी गुळगुळीत भिंत, काठावर फरशी आणि वनस्पती खरवडून काढलेले पाणी, अशी ‘सुशोभित’ तळी त्यांच्या फारशी कामाची नसतात. डासांवर उपाय म्हणून १९२८ मध्ये भारतात आणलेला गांबुसिया मासा चतुरांची लहान पिल्लेही खातो. म्हणजे डास खाणाऱ्यालाच आपण डासांच्या नावाखाली हटवतो.

हा प्रश्न तंजावूरपुरता नाही. गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचा जागतिक आढावा २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात मासे, खेकडे-कोळंबीवर्गीय प्राणी आणि चतुरवर्गीय कीटक मिळून २३,४९६ जाती तपासल्या होत्या. त्यांतल्या सुमारे २४ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. चतुर-टाचण्यांत हे प्रमाण १६ टक्के भरते.

अभयारण्ये हा यावरचा ठरलेला उपाय. तंजावूरच्या आसपास ती आहेतही. तिरुवारूर जिल्ह्यातले वडुवूर २०२२ मध्ये आणि अरियलूरमधले करैवेट्टी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. दोन्ही मुळात सिंचनाचे तलाव, आणि ती घोषित झाली पक्ष्यांसाठी. पक्ष्यांच्या आश्रयाने कीटकांचेही भले होते. तरी कुंपण जमिनीवर असते आणि पाणी कावेरीच्या कालव्यांतून येते. मेट्टूर धरणाचे दरवाजे उशिरा उघडले किंवा वरच्या भातशेतीतले कीटकनाशक वाहून आले, तर अभयारण्याची पाटी ते अडवू शकत नाही.

शहरात एक संरक्षण नकळत मिळाले आहे. बृहदीश्वर मंदिर केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला कायद्याने मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत ते परवानगीनेच करता येते. हा कायदा दगडांसाठी झाला, पण मंदिराला लागून असलेल्या खंदकाच्या आणि शिवगंगेच्या काठालाही त्याची थोडी ढाल मिळते.

पुढची पायरी महाराष्ट्रात दिसते. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानात २०२० साली एका नव्या माशाची नोंद झाली. लगेच २०२१ मध्ये त्या उगमाभोवतीचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. श्रद्धेने राखलेल्या पाण्याला कायद्याची जोड मिळाली. तमिळनाडूनेही मदुरै जिल्ह्यातल्या अरिट्टापट्टीला २०२२ मध्ये हाच दर्जा दिला.

तंजावूरच्या तळ्यांना तो द्यायचा असेल, तर हद्द तळ्याच्या काठाशी थांबून चालणार नाही. सेवप्प नायकाचा तलाव, मधले नळ, शिवगंगा आणि किल्ल्यातली तळी ही सगळी साखळी एकाच नकाशावर यायला हवी. महापालिका, पुरातत्त्व खाते आणि देवस्थान यांनी तो मिळून करावा. राजवाडा देवस्थानाच्या ८८ मंदिरांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही सरफोजीराजांच्या भोसले घराण्याकडे आहे, त्यामुळे ही मराठी जबाबदारीही ठरते. प्रत्येक तळ्याचा निदान एक काठ उतरता, मातीचा आणि लव्हाळ्याचा ठेवावा. गाळ सगळीकडून एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावा. गांबुसिया सोडणे थांबवावे. यात खर्च फार नाही. तळे देखणे दिसण्याआधी ते जिवंत असावे, एवढे मात्र आधी ठरवावे लागेल.