पेटीतला गांधार

गाणे शिकणाऱ्या मुलांसाठी आता कित्येक घरी पेटीच्या जागी डिजिटल पियानो येतो. त्यात सुरासंबंधी तीन निरनिराळ्या सोयी असतात. पण आपण तिन्हींना 'सूर लावणे' हे एकच नाव देतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

पहिली सोय म्हणजे सबंध वाद्याचा सूर किंचित चढविणे वा उतरविणे. वरचा 'ए' सेकंदाला 440 आंदोलनांचा असावा, असा संकेत 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला. जुन्या तंबोऱ्याशी किंवा बासरीशी जुळवून घेण्यास ही सोय उपयोगी. दुसरी सोय पट्टी बदलण्याची. बोटे पांढरी एकवर ठेवून गाणे काळी चारमध्ये वाजविता येते. या दोहोंनी सप्तक जागचे हलते. आतली वाटणी बदलत नाही. ती बदलणारी तिसरी सोय यादीच्या तळाशी असते, आणि बहुतेक जण तिला हातही लावीत नाहीत.

ही वाटणी म्हणजे काय? हिशेबासाठी षड्ज 240 आंदोलनांचा धरू. तंबोरा नीट जुळला की त्यातून आपोआप जो गांधार ऐकू येतो, तो 300 चा. पण पियानोत आणि नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तिथे गांधार 302.4 पडतो. गवई 300 वर उभा आणि पेटी 302.4 वर! दोन्ही सूर एकत्र लांबले की सेकंदाला दोन-तीन हेलकावे ऐकू येतात. पंचमात फरक अर्ध्या आंदोलनाचाही नाही. म्हणून पंचम गोड लागतो आणि गांधार खुपतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आयुष्य वाहणारे गृहस्थ होऊन गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे त्यांनी स्वरांची मापे घेतली आणि 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी क्लेमंट्स त्यांना मिळाले. श्रुतींची पेटी तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत मात्र या मापांवर वाद झाला. पुढे 1940 साली आकाशवाणीने पेटी बंद केली. ते दार 1971 पर्यंत मिटलेले होते. त्या बंदीमागच्या तक्रारींत हा गांधारही होता.

देवलांना ज्यासाठी निराळी पेटी करवून घ्यावी लागली, त्यातले थोडे आज बटणाने साधते. यादीत 'समान', 'शुद्ध मेजर', 'पायथागोरियन', 'वर्कमायस्टर' अशी नावे दिसतील. शेवटची दोन युरोपच्या जुन्या संगीतासाठी. आपण 'शुद्ध मेजर' निवडावे. पण एवढ्यावर थांबू नये. यंत्र पुढे विचारते, 'मूळ स्वर कोणता?' म्हणजेच, तुमचा षड्ज कुठे आहे? हे सांगितले नाही, तर ते पांढरी एक धरून चालते. मग पांढरी दोनवर गाणाऱ्याची फजिती होते: त्याचा षड्ज 270 चा, पंचम हवा 405 चा, आणि यंत्र देते 400 चा. समान वाटणीत चांगला असलेला पंचमच बिघडतो! पट्टीची सोय वापरली असेल, तर मूळ स्वर तिच्याबरोबर सरकला की नाही हेही पाहावे. सर्व वाद्यांत ते सारखे नसते.

परीक्षा सोपी आहे. पियानोचा नाद विरून जातो. म्हणून ऑर्गनचा आवाज घ्यावा. षड्ज-पंचम, मग षड्ज-गांधार एकत्र दाबून धरावेत. हेलकावे थांबले म्हणजे जुळले.

तरीही यंत्राची मर्यादा उरतेच. धैवत 400 चा की 405 चा? श्रुतींच्या हिशेबात दोघांनाही जागा आहे. ऋषभाशी संवाद हवा तर 405, मध्यमाशी हवा तर 400. यंत्रात धैवताची पट्टी एकच. गळ्याला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या. शिवाय मींड कोणत्याच पट्टीवर मावत नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात ज्या नाशकात रामनामाचा आश्रम चालविला, तिथे घरोघर एक तरी तंबोरा असावा, ही अपेक्षा फार नव्हे. मुलाला पियानो अवश्य द्यावा. पण आधी चार दिवस तंबोऱ्याजवळ बसवावे. एकदा तो गांधार कानात बसला, की कोणते बटण दाबावे हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.