हरळीचा ताळेबंद

शेतकरी ज्या गवताला हरळी म्हणतो आणि गणपतीच्या पूजेत आपण ज्याला दूर्वा म्हणतो, त्याच गवतावर उष्ण प्रदेशातली बहुतेक गोल्फ मैदाने उभी आहेत. आमच्या नगर जिल्ह्यात हरळीशी पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा वेचायच्या, बांधावर टाकून उन्हात करपवायच्या, तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा डोके वर काढते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी कृषी संशोधकांनी तिचेच आफ्रिकेतल्या एका भाऊबंद जातीशी संकर केले. त्यातून मखमलीसारखी बारीक वाणे निघाली आणि ती जगभरच्या मैदानांवर गेली. आपण जी फुकट उपटून टाकतो, ती तिथे जपावी लागते आणि त्यासाठी कर्जही काढले जाते.

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून मी अनेक वर्षे कारखान्यांचे, सोसायट्यांचे आणि पतसंस्थांचे ताळेबंद वाचले. निवृत्तीनंतर तीच सवय दुसऱ्या एका धंद्याकडे वळली. मंदी आली की गोल्फ रिसॉर्ट का बुडतात, आणि देश कोणताही असला तरी एकाच रीतीने का बुडतात, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर खेळात सापडत नाही, हिशेबाच्या वहीत सापडते: पैसा एकदाच येतो, गवत रोज वाढते.

क्लब वेगळा, रिसॉर्ट वेगळा

गोल्फ भारतात इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. अशा जुन्या क्लबांनी दोन महायुद्धे, फाळणी आणि अनेक मंद्या पचवल्या. त्यांची जमीन जुन्या काळी मिळालेली, डोक्यावर कर्ज नाही आणि वर्गणी दरवर्षी येणारी. सभासद कमी झाले तर खर्च कमी करायचा, एवढाच त्यांचा मार्ग.

गोल्फ रिसॉर्टचे गणित निराळे असते. तिथे मैदान हा धंदा नसतो, धंद्याची जाहिरात असते. १८ होलच्या मैदानाला साधारण १२० ते १५० एकर जमीन लागते. त्या हिरवळीकडे तोंड करून असलेले बंगले आणि भूखंड चढ्या भावाने विकायचे, त्या विक्रीतून मैदानाचे, रस्त्यांचे आणि हॉटेलचे कर्ज फेडायचे, ही मूळ कल्पना. भूखंड विकले जात असतात तोवर मैदान तोट्यात असले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा तोटा जमिनीच्या नफ्यात मुरून जातो.

मंदीत पहिल्यांदा थांबते ती ही विक्री. माणूस राहते घर विकत नाही, मुलांची फी थांबवत नाही. डोंगरावरचे दुसरे घर मात्र पुढच्या वर्षावर ढकलतो. तेवढे पुढे ढकलणे रिसॉर्टला पुरेसे असते.

पंधरा लाख लिटर

साखर कारखान्याशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. कारखान्याला हंगाम असतो. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळप संपते. मग हंगामी कामगार घरी जातात आणि यंत्रांची दुरुस्ती सुरू होते. एखादा हंगाम बंद राहिला तर व्याज चढते, पण यंत्रे जागेवर राहतात. गोल्फच्या मैदानाला बंद हंगाम नसतो. होलभोवतीची हिरवळ, जिला ग्रीन म्हणतात, ती जवळपास रोज कापावी लागते आणि तिची उंची तीन-चार मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नसते. पाणी, खत, बुरशीनाशक, वाळूचा थर हे सगळे ठरल्या वेळी व्हावे लागते. उन्हाळ्यात काही आठवडे दुर्लक्ष झाले तर ग्रीन जाते, आणि ते पुन्हा तयार करायचे म्हणजे जवळपास नव्याने बांधणे.

पाण्याचा हिशेब कोणीही घरी करून पाहावा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. मैदानातली फक्त ३० हेक्टर हिरवळ भिजवायची धरली आणि उन्हाळ्यात तिला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर रोजचे पाणी होते १५ लाख लिटर. १२ हजार लिटरच्या टँकरने मोजले तर रोज १२५ खेपा. ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरतात; त्या मापाने हे सुमारे २७ हजार माणसांचे पाणी झाले. पाथर्डी, पारनेर किंवा संगमनेरच्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरता येते आणि काही ठिकाणी ते वापरतातही. पण ते शुद्ध करणे, वर चढवणे यालाही वीज लागते, आणि विजेचे बिल मंदी ओळखत नाही.

जपानची परतीची ठेव

आमच्या भागातल्या ऊस उत्पादकाला ‘परतीची ठेव’ आणि ‘बिनपरतीची ठेव’ हे शब्द तोंडपाठ आहेत. उसाच्या बिलातून कपात होऊन कारखान्यांचे भांडवल असे उभे राहिले. जपानने हीच युक्ती गोल्फसाठी वापरली.

१९८७ साली जपानने रिसॉर्ट विकासाचा कायदा केला. करात सवलती, स्वस्त कर्जे आणि जमिनीचे चढते भाव यांच्या जोरावर डोंगर कापून मैदाने झाली. नव्या क्लबचा सदस्य मोठी ठेव ठेवी. तिच्यावर व्याज नसे आणि ती साधारण दहा वर्षांनी मागता येई. सदस्यत्वाचे दाखले शेअरसारखे बाजारात विकले जात. टोकियोजवळच्या कोगानेई कंट्री क्लबच्या सदस्यत्वाचा भाव १९९० च्या सुमारास ३० कोटी येनच्याही वर गेला होता. भाव चढता असेपर्यंत ठेव परत मागायला कोणी आले नाही, कारण दाखला बाजारात विकला तर जास्त पैसे मिळत.

१९९० पासून शेअर बाजार आणि पाठोपाठ जमीन कोसळली. दाखल्याचा भाव ठेवीच्या खाली गेला आणि मुदत संपताच सदस्य ठेव मागायला दारात उभे राहिले. ठेवीचे पैसे तर डोंगर कापण्यात कधीच खर्च झाले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला गोल्फ कंपन्यांच्या दिवाळखोरीची रांग लागली. बहुतेक ठिकाणी सदस्याचा खेळण्याचा हक्क शिल्लक राहिला, ठेवीचा मोठा भाग बुडाला.

मियाझाकी येथील सीगाया रिसॉर्ट हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. उघडझाप करणाऱ्या छपराखाली कृत्रिम समुद्रकिनारा, ४० हून अधिक मजल्यांचे हॉटेल, गोल्फ मैदाने, असा सुमारे २०० अब्ज येनचा थाट. २००१ साली तो दिवाळखोरीत गेला आणि एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने तो सुमारे १६ अब्ज येनला घेतला. त्याच काळात इतर परदेशी गुंतवणूकदारांनी जपानमधली अनेक मैदाने अशीच स्वस्तात घेऊन चालवून दाखवली. खेळणारे होतेच, न पेलणारे कर्ज आणि ठेवी तेवढ्या पुसल्या गेल्या होत्या. ज्यांना खरेच गिऱ्हाईक उरले नाही, त्यांतल्या काही मैदानांवर आता सौर पॅनेल आहेत. क्योटोतल्या एका ओसाड मैदानावर २०१७ साली २३ मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण झाला.

अमेरिकेतही फार वेगळे घडले नाही. तिथल्या राष्ट्रीय गोल्फ संस्थेने १९८८ साली दिवसाला एक मैदान बांधायला हवे असा सल्ला दिला होता. त्या भरात घरे विकण्यासाठी मैदाने झाली. २००६ पासून मात्र वर्षाला उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त झाली, आणि २००८ च्या मंदीने घरेच विकेनाशी झाल्यावर या उतरंडीला कोणी सावरू शकले नाही.

मुळशीतील दोन धडे

आता जवळ येऊ. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या प्रश्नाची दोन रूपे पाहायला मिळतात.

पहिले ॲम्बी व्हॅली. सहारा समूहाने लोणावळ्याजवळ सुमारे १० हजार ६०० एकरांवर उभारलेली ही नगरी. तिच्यात १८ होलचे मैदान. तिथली अडचण मंदीतून आली नव्हती. सहाराच्या दोन कंपन्यांनी कर्जरोख्यांतून जमवलेले २४ हजार कोटींहून अधिक रुपये गुंतवणूकदारांना व्याजासह परत करावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दिला. वसुली पुरी होईना म्हणून न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्बी व्हॅली जप्त करण्याचा आणि एप्रिलमध्ये तिचा लिलाव करण्याचा आदेश दिला. राखीव किंमत ठरली ३७,३९२ कोटी रुपये. लिलावाला ग्राहक मिळाला नाही आणि पुढे तुकडे पाडून विकण्याची मुभा द्यावी लागली. लेखापरीक्षकाला यातून एक गोष्ट कळते: ताळेबंदातली मालमत्तेची किंमत आणि घेणारा देईल ती किंमत यांतले अंतर मंद बाजारात कितीही वाढू शकते. रिसॉर्टच्या बाबतीत ते अधिकच वाढते, कारण घेणाऱ्याला जमिनीबरोबर रोजचा खर्चही घ्यावा लागतो.

दुसरे लवासा. राज्य सरकारने १९९६ साली डोंगरी भागातील पर्यटन नगरांसाठी विशेष नियम केले आणि २००१ साली मोसे खोऱ्यातील १८ गावे त्यासाठी अधिसूचित झाली. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी इटालियन बंदरासारखे शहर वसू लागले. गोल्फसाठी निक फाल्डो यांचे नाव जोडले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि एका वर्षाने अटींसह परवानगी दिली. ते वर्ष निर्णायक ठरले असे मला वाटते. बांधकाम थांबते, व्याज थांबत नाही; आणि बाजार पुन्हा खुला झाला तेव्हा दुसऱ्या घरांची भूक ओसरू लागली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. सुमारे ६,६४२ कोटींचे दावे मान्य झाले. जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेली योजना होती १,८१४ कोटींची, म्हणजे रुपयाला साधारण २७ पैसे, तेही आठ वर्षांत. पुढे तीही पैशाअभावी बारगळली आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागली.

२०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनको मानले गेले, ही त्यातली जमेची बाजू. त्याआधी पैसे भरलेला माणूस बँकांच्या मागे रांगेत शेवटी उभा असे. पण रांगेत पुढे आल्याने रिकाम्या तिजोरीत पैसे येत नाहीत. आणि ज्यांनी जमिनी दिल्या, जे तिथे माळी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार झाले, ते गावकरी तर या रांगेच्या कडेलाच असतात.

नगरकडे पाहताना

हा विषय आपल्याला परका नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी उभा राहिलेला सहकारी साखर कारखानाही सभासदांच्या पैशावरच उभा होता. फरक असा की सभासद तिथे दरवर्षी ऊस घालत होता. पैसा आणि माल दोन्ही त्याच्याकडूनच येत होते, म्हणून वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारण्याचे कारण त्याला होते. आपल्या जिल्ह्यातील जे कारखाने अवसायनात गेले, विकले गेले, तिथे बऱ्याचदा आधी हे प्रश्न विचारणे थांबले होते. रिसॉर्टच्या सदस्याला प्रश्न विचारण्याची जागाच नसते. तो गिऱ्हाईक असतो आणि कर्ज काढणाऱ्याला त्याचा ठेवीदारासारखा उपयोग होतो.

पुण्या-मुंबईच्या पैशाला आता धरणांचे काठ आणि सह्याद्रीची उतरण खुणावते आहे. दुसऱ्या घराचे माहितीपत्रक हाती आले तर हिरवळीच्या छायाचित्राआधी चार गोष्टी तपासाव्यात. मैदानाचा वार्षिक खर्च कोण देणार, आणि भूखंड संपल्यावर कोण देणार? पाणी कोणत्या परवान्याने, कोणत्या महिन्यात, कोणाच्या वाट्यातून येणार? भरलेला पैसा स्वतंत्र खात्यात राहणार की आधीचे कर्ज फेडण्यात जाणार? जमीन गहाण आहे का? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, खाते आणि बोजे यांची माहिती मिळते; सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे मिळतो. एवढी कागदपत्रे चाळायला एक दिवस पुरतो.

या चारही प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर मैदान टिकेल, मंदी आली तरी. नसतील, तर बाजार वर असताना ती उणीव दिसणार नाही. दिसेल ती एखाद्या उन्हाळ्यात, जेव्हा पंप बंद होतील, टिफ्टनची नाजूक हरळी पिवळी पडेल आणि तिच्या जागी बांधावरची आपली जुनी हरळी, कोणी न बोलावता, पसरू लागेल.