उताराचे गणित

फ्रान्सच्या दक्षिणेस गार्दों नदीवरील रोमन जलसेतू पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा प्रथम नजर ठरली ती त्याच्या उंचीवर. एकावर एक कमानींच्या तीन रांगा, उंची सुमारे 49 मीटर. परंतु खरे नवल उंचीचे नव्हे, उताराचे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात उझेसजवळच्या झऱ्याचे पाणी नीम नगरास आणावयाचे होते. दोहोंच्या पातळीत फरक अवघा साडेबारा मीटरांचा, आणि डोंगरांना वळसे घेणारी वाट सुमारे 50 किलोमीटरांची! म्हणजे किलोमीटरमागे सरासरी पाव मीटर उतार. एवढ्यावर पाणी आपल्याच भाराने नगरास पोहोचे. तेथील वाटपाचे गोल टाके आजही पाहावयास मिळते.

मग हे पाणी थांबले कशाने? झऱ्याच्या पाण्यात चुना फार. त्याची पुटे पाटाच्या भिंतींवर चढत. देखभाल होती तोवर पाणी खेळले. ती सुटली तशी वाट अरुंद होत गेली आणि सहाव्या शतकाच्या सुमारास पाणी बंद पडले. सेतू मात्र उभाच राहिला.

बांधणाऱ्यांचे गुण आपण सारेच गातो. पुटे खरवडणाऱ्यांची आठवण कोणास होत नाही. पण नगराची तहान भागते ती दोघांच्याही हातांनी.