विश्लेषण : गणिताच्या ‘समर स्कूल’मध्ये नेमके काय होते? एमएस्सी, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी त्या महत्त्वाच्या का?

गुणपत्रिकेत गणिताला नव्वदच्या पुढे गुण आणि पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गप्प. गणिताच्या अनेक मेहनती विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा अनुभव येतो. प्रमेयाची सिद्धता तोंडपाठ असते. पण ‘यातली ही अट काढली तर काय होईल?’ असे कुणी विचारले की गाडी अडते. ही दरी बुजवण्यासाठी देशात दर उन्हाळ्यात गणिताच्या निवासी शाळा भरतात. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्चही विद्यार्थ्याला सहसा करावा लागत नाही. तरीही अनेकांना त्यांची माहिती मिळते तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेलेली असते.

समर स्कूल म्हणजे क्लास का?

नाही. नेट, सेट किंवा गेटच्या तयारीचे हे वर्ग नव्हेत. इथे ‘शॉर्टकट’ शिकवत नाहीत, संभाव्य प्रश्नांची यादीही देत नाहीत. भर असतो तो मूळ संकल्पनांवर. देशभरातून निवडलेले विद्यार्थी तीन-चार आठवडे एका ठिकाणी राहतात आणि संशोधन करणारे प्राध्यापक त्यांना शिकवतात. बीजगणित, विश्लेषण, टोपोलॉजी हेच विषय एमएस्सीच्या अभ्यासक्रमातही असतात. वेगळी असते ती शिकवण्याची पद्धत.

भारतात कोणते कार्यक्रम आहेत?

सर्वाधिक परिचित नाव ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ अर्थात एमटीटीएस. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. पदवीच्या मधल्या वर्षापासून एमएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात वेगवेगळे स्तर आहेत. त्याला आर्थिक बळ दिले ते राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने, म्हणजे ‘एनबीएचएम’ने. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतले हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले.

त्यापुढची पायरी ‘एटीएम स्कूल्स’ची. हे पैसे काढायचे एटीएम नव्हे. पूर्ण नाव ‘अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स’. आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांचे संयुक्त केंद्र असलेले ‘नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स’ या शाळांचे नियोजन करते. पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांचा पाया पक्का करणारी ‘अॅन्युअल फाउंडेशन स्कूल’ तीन टप्प्यांत असते. एकेका विषयात खोलवर नेणाऱ्या प्रगत शाळा वेगळ्या आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठीच्याही वेगळ्या. या शाळा देशातील निरनिराळ्या संस्थांमध्ये भरतात. पुण्यात प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान हे त्यांतले एक ठिकाण.

दिवस कसा जातो?

साधारणपणे सकाळी व्याख्याने आणि दुपारी ‘ट्युटोरियल’. खरी शाळा दुपारीच सुरू होते. गणिते दिली जातात आणि विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावले जाते. उदाहरणार्थ, ‘प्रत्येक अभिसारी क्रमिका परिबद्ध असते’ हे वाक्य. म्हणजे संख्यांची रांग एखाद्या संख्येच्या जवळ जवळ जात असेल, तर ती कुठल्या तरी मर्यादेच्या आतच राहते. हे सगळ्यांना पाठ असते. मग प्रश्न येतो, उलट खरे आहे का? कुणीतरी १, −१, १, −१ अशी रांग लिहितो. ती मर्यादेत आहे, पण कुठेच स्थिरावत नाही. म्हणजे उलट विधान खोटे. पुढचा प्रश्न : या रांगेतून काही पदे निवडून स्थिरावणारी रांग काढता येईल? येते, फक्त १ निवडा. मग मर्यादेतल्या प्रत्येक रांगेतून अशी रांग काढता येईल का? इथवर आलेला विद्यार्थी बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेयाच्या दारात स्वतःच्या पायांनी पोहोचलेला असतो. गाईडमध्ये हेच प्रमेय पाच गुणांचा प्रश्न म्हणून भेटते.

इंजिनीअरिंगला आम्ही चार सत्रे गणित शिकलो, पण सूत्र लावून उत्तर आले की विषय संपायचा. सूत्र का चालते, कधी चालणार नाही, हे विचारायला वेळच नसायचा. गणितात एमएस्सी करणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. टीआयएफआरसारख्या संस्थांच्या मुलाखतीत नेमके हेच तपासतात : व्याख्या सांगा, उदाहरण द्या, अट मोडणारे उदाहरण द्या.

परदेशातही अशा शाळा असतात?

हो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे स्थापन केलेले ‘आयसीटीपी’ विकसनशील देशांतील तरुण संशोधकांसाठी अशा शाळा घेते. फ्रान्समधील नीस येथे १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘सिम्पा’ ही संस्था विकसनशील देशांमध्येच जाऊन त्या भरवते. फ्रान्सच्याच सां-फ्लूर या छोट्या गावातली संभाव्यताशास्त्राची उन्हाळी शाळा १९७१ पासूनची. तिथल्या व्याख्यानांची पुस्तके जगभरचे संशोधक वापरतात.

निवड कशी होते?

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. गुणांसोबत शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र महत्त्वाचे ठरते. उन्हाळी कार्यक्रमांसाठीची हालचाल हिवाळ्यातच सुरू होते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये शोधाशोध करणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. राहणे, जेवण आणि रेल्वे प्रवासाचा खर्च याबाबतचे नियम त्या-त्या कार्यक्रमाच्या सूचनेत दिलेले असतात. अर्जाआधी ते वाचून घ्यावेत.

मग अडते कुठे?

पहिली अडचण वेळापत्रकाची. मे महिन्यात अनेक विद्यापीठांच्या परीक्षा सुरूच असतात. एक पेपर पुढे ढकलला गेला की हाती आलेली निवड सोडून द्यावी लागते. दुसरी अडचण शिफारसपत्राची. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक दरवर्षी बदलत असतील, तर विद्यार्थ्याला नीट ओळखून पत्र लिहिणार कोण? तिसरी भाषेची. शिकवणे इंग्रजीत, बोलणे फळ्यापाशी उभे राहून. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी गणित येत असूनही सुरुवातीचे काही दिवस मागच्या बाकावर राहतो. आणि चौथी घरची. मुलीला महिनाभर परराज्यात पाठवायचे म्हटले की ‘हे गरजेचे आहे का?’ हा प्रश्न अजूनही येतो. अशा वेळी महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकाने पालकांशी बोलणे खूप उपयोगी पडते.

महिनाभराची शाळा दोन वर्षांच्या कमकुवत शिकवणीची भरपाई करू शकत नाही, हेही खरे. ती एवढेच दाखवते की गणित कसे शिकायचे असते. अडलेल्या प्रश्नावर तीन-तीन दिवस घालवणारे आपण एकटेच नाही, हेही तिथे कळते. परतल्यावर तोच प्रश्न वर्गात विचारायचे धाडस झाले, तर फायदा सगळ्या वर्गाचा.

निवड झाली नाही तर?

एमटीटीएसचे छोटे, आठवडाभराचे ‘मिनी’ कार्यक्रमही होतात आणि महाविद्यालये त्यांचे यजमानपद घेऊ शकतात. एनपीटीईएलवर आयआयटी आणि इतर संस्थांमधील प्राध्यापकांची व्याख्याने मोफत आहेत. पण नुसते व्हिडिओ पाहून हे जमणार नाही. वर्गातल्या तिघा-चौघांनी एक पुस्तक ठरवावे, आठवड्यातून दोनदा जमावे आणि प्रत्येकाने पाळीपाळीने फळ्यावर सोडवून दाखवावे. ऐकणाऱ्यांनी फक्त एकच काम करायचे : प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारायचे. त्यासाठी अर्ज लागत नाही आणि शिफारसपत्रही नाही. रिकामी वर्गखोली आणि खडू पुरतो.