क्वार्टर सरकारचे, सामान तुमचे
लष्करी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी घरसामानाचा विमा

बेंगळुरूत हलसूरजवळचे मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र, आगरम, जालहळ्ळी आणि येलहंका या भागांत सैन्यदलांच्या मोठ्या वसाहती आहेत. सातारा, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची कितीतरी मराठी कुटुंबे बदलीवर येऊन तिथे दोन-तीन वर्षे राहतात. बँकेच्या काउंटरवर यांच्याकडून एक वाक्य नेहमी ऐकू येते: "घर सरकारी आहे, विमा आम्हाला कशाला?"

यातले अर्धे बरोबर आहे. इमारत सरकारची आहे, तिची देखभाल एमईएस करते. भिंत पडली, छत गळले तर दुरुस्ती तुमच्या खिशातून होत नाही. पण त्या भिंतींच्या आतला फ्रिज, कपाट, लॅपटॉप आणि कपडे तुमचे आहेत. आग लागली किंवा पाणी शिरले, तर सामान भरून देण्याची हमी क्वार्टरसोबत मिळत नाही.

असलेला विमा कशासाठी आहे?

१९७६ पासून चालू असलेला आर्मी ग्रुप इन्शुरन्स, तसेच हवाई दल आणि नौदलाच्या अशाच योजना या जीवन आणि अपंगत्वाच्या संरक्षणासाठी आहेत. पगाराच्या खात्यासोबत मिळतो तो बहुधा व्यक्तिगत अपघात विमा. दोन्ही फार मोलाचे आहेत, पण ते माणसाचे आहेत, सामानाचे नाहीत.

नुकसान खरेच किती होईल?

वही घ्या आणि खोलीनुसार यादी करा. प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायची झाली तर काय पडेल, तो आकडा लिहा. एका साध्या दोन खोल्यांच्या संसाराचे उदाहरण पाहू:

- फ्रिज: २८,००० रुपये
- वॉशिंग मशीन: २२,००० रुपये
- टीव्ही: ३०,००० रुपये
- पलंग, गाद्या, कपाट: ५५,००० रुपये
- लॅपटॉप: ५५,००० रुपये
- शेगडी, मिक्सर, भांडीकुंडी: ४०,००० रुपये
- कपडे, अंथरूण-पांघरूण: ५०,००० रुपये
- शिलाई मशीन: १५,००० रुपये
- मुलांचे टेबल, सायकल: १५,००० रुपये

बेरीज ३,१०,००० रुपये. महिन्याला ५,००० रुपयांचे आरडी भरणाऱ्या कुटुंबाला, व्याज सोडले तर, एवढी रक्कम जमवायला ६२ महिने लागतात. विमा नसेल तर पाच वर्षांची ही बचत मोडावी लागते किंवा वैयक्तिक कर्ज काढावे लागते.

बेंगळुरू उंचावर आहे, इथे पूर कसला, असे समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये येलहंक्याच्या केंद्रीय विहार संकुलात एवढे पाणी साचले की रहिवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, महादेवपुरा भागातही घरांत पाणी शिरले होते. तळमजल्यावरच्या क्वार्टरला हा धोका अधिक.

कोणती पॉलिसी मागायची?

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. इमारत आणि सामान असे तिचे दोन भाग आहेत. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याने फक्त सामानाचा भाग घ्यायचा, इमारतीचा हप्ता भरायचे कारण नाही.

आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे अशा कारणांनी झालेले नुकसान यात येते. शिवाय विम्याची रक्कम नकळत थोडी कमी धरली गेली, तरी त्या प्रमाणात दावा कापला जात नाही. भरपाईची कमाल मर्यादा मात्र विम्याच्या रकमेइतकीच राहते.

काय मिळत नाही, हे आधी वाचा

१. साधी चोरी. मूळ पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग, पूर अशा घटनेनंतरच्या सात दिवसांतली, त्या घटनेमुळे झालेली. तुम्ही सुट्टीत गावी असताना कुलूप फुटले, तर त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण लागते. ते घेताना घरात जबरीने शिरल्याची खूण असण्याची अट आहे का, हे विचारा.

२. रोकड, कागदपत्रे आणि वाहने. फेब्रुवारी २०१९ मध्ये येलहंका हवाई तळावर एरो इंडिया प्रदर्शनाच्या वेळी पार्किंगला आग लागून सुमारे ३०० गाड्या जळाल्या. अशी भरपाई गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातून मिळते. घरसामानाच्या किंवा नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून ती मिळत नाही.

३. दागिने. त्यांच्यासाठी ठरलेल्या किमतीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर एवढे लक्षात ठेवा: आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते.

४. बिघाड. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप जळाला, तर तो या विम्यात येत नाही.

बदली आली की

विमा पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो. ट्रकमध्ये चढलेले सामान त्यात धरले जात नाही. प्रवासासाठी वेगळा ट्रान्झिट विमा लागतो. पॅकर्स-मूव्हर्सवाला "इन्शुरन्स आहे" म्हणाला, तर विमा कंपनीचे, तुमच्या नावाचे प्रमाणपत्र हातात मागा. नव्या गावी पोहोचण्याआधीच कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या. साहेब फील्डवर आणि कुटुंब दुसऱ्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये असेल, तर कुटुंब राहते तो पत्ता पॉलिसीवर हवा. घर महिनाभराहून जास्त बंद राहणार असेल, तर तेही आधी कळवा.

दावा करायची वेळ आली तर

आजच मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, बिलांचे फोटो घ्या आणि ते ईमेलवर ठेवा, म्हणजे मोबाइल गेला तरी पुरावा राहील. ताबा घेतानाची एमईएसच्या सामानाची यादीही त्यातच ठेवा. सरकारी पलंग आणि तुमचा पलंग यांतला फरक सर्व्हेअरला दाखवता आला पाहिजे.

नुकसान झाल्यावर कंपनीला लगेच कळवा. आगीत अग्निशमन दलाचा अहवाल घ्या, चोरीत एफआयआर करा. सर्व्हेअरने पाहेपर्यंत खराब वस्तू टाकून देऊ नका. दाव्याबाबत तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी द्या, गरज पडल्यास १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपाल कार्यालयात जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

शेवटी, आमच्याच बाजूची एक गोष्ट

ही पॉलिसी बँकेतही मिळते, पण ती बँकेतूनच घ्यावी असे बंधन नाही. लॉकर किंवा कर्ज हवे असेल तर विमा घ्यावाच लागेल, असे कोणी सांगितले तर ते लेखी मागा. दोन-तीन कंपन्यांकडून त्याच रकमेचे, त्याच संरक्षणाचे दर घ्या. हप्त्याची तुलना करताना घरफोडी आणि दागिने धरले आहेत की नाहीत ते बघा, कारण मुख्य फरक तिथेच पडतो. पॉलिसी हाती आल्यावर नाव, क्वार्टर क्रमांक आणि विम्याची रक्कम, या तीन गोष्टी त्याच दिवशी तपासा.